खिळ्याला टांगलेला प्रोग्राम

"इथं बसतंय कोण?"

कॉम्प्युटर बिघडला म्हणून तुम्ही माणूस बोलवावा, आणि त्यानं आल्या आल्या कॉम्प्युटरकडं न बघता हे विचारावं, तर तुम्हाला काय वाटेल? मला तर रागच आला. मी म्हटलं, "मी बसते. दुसरं कोण बसणार, माझी सासू?"

त्यांनी मान हलवली. चपला दाराबाहेर काढल्या. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मग आधी तुमच्याकडंच बघावं लागंल."

आमचा वजनकाटा येरमाळ्याच्या बाहेर, हायवेला लागून आहे. जमिनीत बसवलेला भला मोठा लोखंडी पाट म्हणा ना. त्यावर अख्खी गाडी चढते, केबिनीत आकडा दिसतो आणि कॉम्प्युटरवर पावती निघते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हीतला फरक म्हणजे माल. धंदा एवढाच. सासऱ्यांनी सुरू केला. आमच्या मालकांना शेतातून सवड नाही, म्हणून बारा वर्षं त्या खुर्चीवर मीच.

आणि हे गृहस्थ बेंबळीचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले टेक्निशियन. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. 'साहेब' म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. "साहेब खुर्चीत असतो ताई, म्या खांबावर असायचो," म्हणायचे.

त्यांना बोलवायची पाळी का आली ते सांगते. आदल्या वर्षी ऐन सोयाबीनच्या हंगामात आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि पाठोपाठ आलेल्या दोन गाड्यांना एकच वजन छापून आलं. त्यातली एक तर निम्मी रिकामी होती! कुणीतरी दोन्ही पावत्या शेजारी धरून फोटो काढला. दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला. खाली लिहिलेलं, 'बाईचा काटा खोटा.'

वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. लोखंडी मापं ठेवून काटा तपासला, बरोबर आहे म्हणाले, शिक्का मारून गेले. पण कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय ते त्यांनाही सांगता येईना आणि मलाही. आतली सिस्टीम चोरीची, कुणी कधी टाकली कोण जाणे. वजनाचा प्रोग्राम कुलूपबंद, तो करून देणारा फोन उचलत नाही. लोक तोंडावर विचारायचे, "आत काय लबाडी हाय का ओ?" मी काय सांगणार, कपाळ? 'नाही' म्हणायला तरी आत काय आहे ते कळायला नको?

गाड्या माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या काट्यावर जायला लागल्या. रोज चहाला थांबणारी माणसं मान वळवून जायची. धंदा बसला तर माणूस शेतात राबून खाईल. पण खोटेपणाचा ठपका घेऊन त्याच गावात राहायचं कसं? केबिनवरच्या फळीवर सासऱ्यांचं नाव होतं.

अशात कळलं की कळंबकडच्या एका दूध संकलन केंद्रात बेंबळीच्या माणसानं लिनक्स नावाची सिस्टीम टाकलीय. फुकट असते, म्हणे, आणि आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं. मी 'उघडं असतं' एवढंच ऐकलं आणि फोन लावला. पलीकडून इतका सावकाश आवाज आला, "जय भीम ताई, बोला," की मला वाटलं भर दुपारी झोपेतून उठवलं. नंतर कळलं, हे गृहस्थ बोलतातच तसे.

तर ते आले, आणि तीन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. खरं सांगते. बेंबळीहून पहिली एस.टी. धरून धाराशिवला, तिथून दुसरी धरून येरमाळ्याला. केबिनच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचे आणि वहीत काहीबाही लिहायचे. वीज किती वेळा गेली. मी किती वेळा उठले. ड्रायव्हर पावतीसाठी काचेवर किती वेळा टकटक करतो. माझ्या हाताला धूळ असते म्हणून मी माऊस धरतच नाही, सगळं बटणांवर करते, हे माझं मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या वहीत होतं.

तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. "भाऊ, तुम्ही कॉम्प्युटर नीट करायला आलाय का मुलगी बघायला?"

"मुलगी बघायला गेल्यावर पोहे तरी मिळत्यात," ते वहीतून डोकं न काढता म्हणाले.

मी पोहे केले. काय करता!

चौथ्या दिवशी त्यांनी पिशवीतून चष्म्याचं जुनं घर काढलं. आत तीन पेन ड्राइव्ह, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. तिन्हींत तीन तऱ्हेचं लिनक्स होतं. मला वाटलेलं, लिनक्स म्हणजे एकच काहीतरी असणार. "न्हाय, लई हायेत. एका घरातली, पण सवभाव येगळे. एकेक दिवस एकेकीसंगं बसा. मग तुमी ठरवा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"काट्यातलं कुणाला कळतंय मग?"

पहिलीच्या मी प्रेमात पडले. निळं निळं चित्र, खिडक्या कशा अलगद उघडायच्या मिटायच्या. भाऊ म्हणाले, "ही हौशी हाय. दर सा महिन्याला नवं लुगडं. घरी गाणी ऐकायला, फोटो बघायला झ्याक. पर तुमच्या काट्याला दर सा महिन्याला नवं काय पाहिजे?" मी विचार केला. काट्याला बारा वर्षांत नवं काहीच लागलं नव्हतं.

दुसरी एका मोठ्या कंपनीनं सांभाळलेली. तिच्यासोबत मदत विकत मिळते, अडलं तर तिकडं माणूस फोन उचलतो. "कारखान्याला, बँकेला हीच बरी. तितं इचारणारं कुणीतरी लागतंय. तुमाला फोनवर इंग्रजी बोलायची हौस असंल तर घ्या." मी हात जोडले.

तिसरी दिसायला अगदीच साधी. राखाडी पडदा, कोपऱ्यात घड्याळ. वर्षानुवर्षं बदलत नाही, जुन्या मशीनवर चालते, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या गुपचूप येत राहतात. त्या दिवशी वीज पाच वेळा गेली. दर वेळी वीज आली की ती आपोआप उठायची आणि ड्रायव्हरची तंबाखू मळून होईपर्यंत पावतीच्या पानावर येऊन उभी राहायची. आमचा जुना ठिपक्यांचा प्रिंटर, ज्याला सगळे भंगारात टाका म्हणत होते, तोही तिनं निमूट ओळखला.

"हीच," मी म्हटलं.

त्यांना आनंद झाला असणार. पण ते फक्त म्हणाले, "नक्की? उद्या म्या न्हाय. निभावून तुमालाच न्यायचंय." मग सिस्टीम टाकली, आणि अडल्यास काय करायचं ते मोठ्या अक्षरात वहीत लिहून ती वही मलाच दिली.

वजनाचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. चार पानांचा झाला. तो छापला, पानांना भोक पाडून सुतळी ओवली आणि केबिनच्या बाहेर खिळ्याला टांगला. मला हसूच आलं. "भाऊ, इथं हे वाचणार कोण?"

"न्हाय वाचलं तर न्हाय वाचलं. टांगलेलं असू द्या."

लोक यायचे, पानं उलटायचे, पुन्हा सोडून द्यायचे. बार्शीकडं माल नेणारा एक म्हातारा शेतकरी बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यात माजं वजन कुठंशी हाय?" भाऊंनी एक ओळ दाखवली. "ही बघा बाबा. भरलेल्यातनं रिकामं वजा. हितं." म्हाताऱ्यानं त्या ओळीवर अंगठा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग गाडी काट्यावर घ्यायला सांगितली. त्या आठवड्यात फिरकलेली ती पहिली गाडी.

काम झालं तरी भाऊ अधूनमधून यायचे. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपारी हायवे सुस्त पडतो, लांब टेकडीवरच्या पवनचक्क्या फिरतात की थांबल्यात ते कळत नाही, केबिनीत पंख्याचा आणि कॉम्प्युटरचा मिळून एकच आवाज येत असतो. भाऊ बाहेर लिंबाखालच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. झोपलेत असं वाटायचं. आणि एकदम म्हणायचे, "आमच्या एक्स्चेंजमदी आसाच आवाज असायचा ताई. सगळं गाव बोलत असायचं, आन् मला निस्ती गुणगुण." मग पुन्हा डोळे मिटायचे. मीही काम नसलं की दारात येऊन उभी राहायची. अशा दुपारी मला वाटायचं की काटा, हायवे, हे झाड आणि हा माणूस कायमचे असेच असणार आहेत. आपण किती खुळ्या असतो!

हंगाम सुरू झाला. गाड्या वळायला लागल्या, हळूहळू, एकेक. आणि मग ते झालं.

आमच्या गल्लीतली एक सून पुण्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरून करते. एके दिवशी सासऱ्यांसोबत ट्रॅक्टरवर बसून आली. पाळी येईपर्यंत खिळ्यावरची पानं चाळत होती. मग केबिनमध्ये डोकावून हळूच म्हणाली, "काकू, हे रिकामं वजन तुम्ही ट्रॅक्टरच्या नंबरावर जपून ठेवता का?"

ठेवत होतो. ती भाऊंनीच केलेली सोय. भरलेली ट्रॉली मोजायची, माल उतरवायचा आणि रिकामी मोजायला परत एवढ्या लांब यायचं, हा लोकांना वैताग होता. तीन दिवसांत तो भाऊंनी हेरला होता. म्हणून एकदा रिकामं वजन झालं की ते ट्रॅक्टरच्या नंबरावर ठेवून द्यायचं, पुढच्या वेळी फेरा वाचला. लोक खूश होते.

"पण काकू, ट्रॅक्टर आमचा आहे. ट्रॉली आज दिरांची लावलीय."

आमच्याकडं ट्रॅक्टर ज्याचा त्याचा असतो आणि ट्रॉली कुणाचीही. आज चुलत्याची, उद्या शेजाऱ्याची, लग्न असलं तर मेव्हण्याची. एक ट्रॉली दुसरीपेक्षा दोन-तीन क्विंटलनं जड. म्हणजे महिनाभरात कितीतरी पावत्या चुकलेल्या. बारा वर्षं मी ट्रॉल्याच बघतेय, आणि मलासुद्धा हे सुचू नये? इतकं रोजचं, की दिसलंच नाही.

भाऊ दुपारच्या गाडीनं आले. खिळ्यापाशी उभ्या उभ्या ती ओळ वाचली, चष्मा काढला. "बरोबर हाय पोरीचं." मग बाकावर बसले. "टेलिफोनात एक नंबर म्हंजी एक घर. तेच डोक्यात. ट्रॉलीचं म्या तुमाला इचारलंच न्हाय."

मी म्हटलं, "झालं ते झालं. गुपचूप दुरुस्त करा. आत्ता कुठं गाड्या वळतायत."

"दुरुस्त करतो. पर फळीवर लिवा, ताई. चूक झाली म्हनून."

"काय?"

"लिवा. आन् ज्यांच्या पावत्या चुकल्या त्यांना फोन करू."

मी भडकले. काय काय बोलले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. "तुमचं काय जातंय? तुम्ही एस.टी.त बसाल आणि बेंबळीला जाल. इथं मला राहायचंय. एकदा खोटी ठरलेय, दुसऱ्यांदा माझ्याच हातानं फळीवर लिहू?"

त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय. खरं हाय. काटा तुमचा. म्या लिवणार न्हाय." आणि बसून राहिले. थोड्या वेळानं, पवनचक्क्यांकडं बघत, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, बोलायला लागले. एक्स्चेंजमध्ये एक मशीन होतं, सीलबंद. बिघडलं तर वरून माणूस येईपर्यंत उघडायची परवानगी नाही. एकदा ते बंद पडलं. भाऊ त्याच्यासमोर दोन दिवस बसून होते. "चावी माझ्या खिशात व्हती ताई. उघडायचं न्हवतं. आन् तिकडं गावात आई सिरीयस. माजा धाकला भाऊ फोन लावून लावून थकला. सायकलवर माणूस आला तवा कळलं. तवर आई न्हवती."

पुढं फळीचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्यांचा असा संताप आला, की हा माणूस भांडत का नाही! भांडला असता तर मी जिंकले असते. त्या संतापातच मी खडू घेतला आणि फळीवर, सासऱ्यांच्या नावाखाली, लिहिलं: 'गेल्या महिन्यात ट्रॉली बदललेल्या काही पावत्या चुकल्या आहेत. चूक आमची आहे. आपली पावती तपासून न्यावी.' लिहिताना खडू दोनदा मोडला. रडत होते, असंही म्हणा.

जुन्या रिकाम्या वजनावर निघालेल्या पावत्या प्रोग्राममध्ये नोंदलेल्या होत्या. एकतीस निघाल्या. दोन दुपारी भाऊंनी एकेकाला फोन लावला. "म्या बेंबळीचा. काट्याचा प्रोग्राम म्या लिवलाय. चूक माजी हाय. त्या दिवशी ट्रॉली कुणाची व्हती?" पलीकडं गोंधळ उडायचा. एका घरात नवराबायकोचं जुंपलं, ती म्हणते माझ्या भावाची, तो म्हणतो तुझ्या भावानं कधी काय दिलंय! एकानं आईवरून शिव्या दिल्या. भाऊ फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "व्हय. मग ट्रॉली कुणाची व्हती?"

एकोणीस पावत्या चुकलेल्या होत्या. नव्या दिल्या. व्यापाऱ्यांनी बहुतेकांचं वजन दुरुस्त करून घेतलं. दोघांनी ऐकलं नाही, तर त्या दोन शेतकऱ्यांना आम्ही आमच्या सोयाबीनमधून पोती भरून दिली. मालकांनी पोत्यांची तोंडं स्वतः शिवली, आणि त्या दिवशी जेवले लवकर.

पुढचे पाच दिवस काट्यावर कुत्रं फिरकलं नाही. मी खुर्चीत बसून होते, भाऊ बाकावर. सहाव्या दिवशी एक ट्रॅक्टर वळला. ड्रायव्हर फळी वाचून हसायला लागला. "ताई, इचारा की, ट्रॉली कुणाची म्हनून!"

"कुणाची?"

"माज्या सासऱ्याची!"

मग ती रीतच पडली. मी विचारायची, ते सांगायचे. प्रोग्राममध्ये आता ट्रॉलीचाही नंबर टाकावा लागतो. नवी पानं छापून भाऊंनी खिळ्याला टांगली, आणि जुनी चुकलेली पानं काढू नका म्हणाले, म्हणून तीही मागं तशीच आहेत.

त्या वर्षी हंगाम बेताचाच गेला. लोक पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवतात की नाही, हे मला कधी नीट कळलंच नाही. ते कोण तोंडावर सांगतं? गाड्या येतात म्हणजे येतात. जवळचा काटा म्हणूनही येत असतील.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर, ऐन गर्दीत, सकाळी फोन वाजला. भाऊंची मुलगी होती. "काकू, बाबा गेले. झोपेतच."

बाहेर सात गाड्या उभ्या होत्या. मी केबिनच्या बाहेर आले. एवढंच म्हटलं, "काटा आज बंद. बेंबळीचे भाऊ गेले. पुढच्या काट्यावर जा, खोळंबू नका." मालकांनी मोटरसायकल काढली.

बेंबळीला घरासमोर पांढऱ्या कपड्यातली माणसं त्रिशरण म्हणत होती. भाऊ तसेच दिसत होते, बाकावर डोळे मिटून बसायचे तसे. त्यांच्या मंडळींनी माझा हात धरला. "तुमी काट्यावरच्या व्हय? लई नाव घ्यायचे. म्हनायचे, त्या बाईनं सोताच्या हातानं लिवलं." 'तुमचं काय जातंय' म्हणाले होते मी त्यांना. ते शब्द परत घ्यायचे राहूनच गेले.

परतीला निघालो. ऊन कललं होतं. कापलेल्या सोयाबीनची रानं पिवळी, सुनी, दोन्ही बाजूंनी मागं सरत होती, आणि मला वाटत होतं की गाडी चालतच नाहीये, रानंच चालतायत. येरमाळ्याचं वळण आलं. काट्यापाशी काहीतरी दिसलं म्हणून मालकांनी गाडी हळू केली.

रांग होती. सकाळच्या सातांतला टोमॅटोचा पिकअप तेवढा गेला होता, नासका माल, त्याचं बरोबरच होतं. बाकीच्या सहा जागच्या जागी, आणि त्यांच्यामागं आणखी पाच. ट्रॉल्यांच्या सावलीत पटके तोंडावर घेऊन माणसं झोपली होती. कुणी लिंबाखाली पाय पसरून बसलं होतं. इंजिनं बंद. एवढ्या गाड्या, आणि कुठं आवाज म्हणून नाही.

पहिल्या ट्रॅक्टरवाल्याला मी हलवून उठवलं. "पुढं का नाही गेलात? तिथला काटा मोकळा असेल की."

तो डोळे चोळत उठला. "हितंच मोजायचं व्हतं."

मी केबिन उघडली. राखाडी पडद्यावर पावतीचं पान तयार होतं. ट्रॅक्टर काट्यावर चढला, पण मला आकडा काही दिसेना, डोळे भरभरून येत होते. पदरानं पुसले, परत भरले. काच सरकवून मी ओरडले, "थांबा हो जरा!"

"थांबलोयच की सकाळधरनं," तो म्हणाला. "होऊ द्या सावकाश."